अंतरपाटावरचे राघू

चौबे कॉलनी, रायपूर
दि. ८ नोव्हेंबर २०२४

ती. गोदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्या या कनिष्ठ बंधूने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी सूचिकर्मात पदार्पण करण्याचा संकल्प सोडला आहे. हसू नकोस. हसलीस तरी मला ऐकू येणार नाही, आणि माझे समर्थन तुला ऐकू येणार नाही. तुझ्या श्रवणेंद्रियांनी राजीनामा दिल्यापासून आणि मोबाइल नामक यंत्राला घरात थारा न देण्याचे व्रत तू घेतल्यापासून आपल्यात टपालखाते हाच एकमेव दुवा उरला आहे. आमचा पोस्टमन तर तुझे पाकीट हाती देताना माझ्याकडे उत्खननात सापडलेल्या वस्तूकडे पाहावे तसा पाहतो.

अनुश्रीचे लग्न ठरल्याचे दिवाळीच्या पत्रात कळवलेच होते. जावईबापू निरंजन भिलाईचे, अभियंता, मितभाषी. म्हणजे या घरात त्यांचा निभाव लागेल. मुहूर्त फेब्रुवारीतला असून कार्यालय समता कॉलनीतले घेतले आहे. आता प्रश्न उरला अंतरपाटाचा. बाजारात तयार मिळतो. त्यावर टिकल्यांची आरास आणि सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' असे असते. तो पाहताच माझ्या मस्तकात शूळ उठला. आपल्या घरी अंतरपाट घरातच भरला जातो, हे तुला सांगणे म्हणजे गंगेला स्नानाचे माहात्म्य सांगणे. विनोदिनीने चांप्याहून कोशाचे रेशमी कापड आणवले आणि त्याच आठवड्यात अंगणात घसरून उजवे मनगट मोडून घेतले. प्लास्टर पाहता गृहमंत्रालयाकडून टाक्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

सबब हे कर्म अस्मादिकांनी शिरावर घेतले आहे. कापडावर कोणते टाके निवडावेत, कोणते वर्ज्य करावेत, आरंभ कोठून करावा, याची दीक्षा तू पत्राद्वारे द्यावीस. गुरुदक्षिणा म्हणून पहिला वाकडा टाका तुझ्या नावे अर्पण करीन.

विनोदिनीचा नमस्कार, अनुचा हसरा नमस्कार. कृपादृष्टी आहेच, ती सुईवरही असावी.

तुझा आज्ञाधारक,
यज्ञेश्वर


नागपूर
दि. १६ नोव्हेंबर २०२४

चि. यज्ञेश्वरास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग थांबले. आपल्या घरी अंतरपाट घरातच भरतात, एवढे तू लिहिलेस. कोण भरते ते लिहायचे राहिले. आत्या भरते. माझा भीमाआत्याने भरला होता: राघूंची जोडी आणि मध्ये आंब्याची डहाळी. हे तू विसरला असशील असे वाटत नाही, कारण त्या कापडाचे एक टोक मामांच्या शेजारी उभे राहून तू धरले होतेस आणि मंगलाष्टके लांबली म्हणून रडला होतास.

तेव्हा कापड इकडे पाठव. माझे कान गेले, डोळे आणि बोटे जागेवर आहेत. आमचे हे गेल्यापासून दिवस लांब झाले आहेत. दोन वर्षांत कोणी कसले काम सांगितले नाही.

तरीही तुला शिकायचेच असेल तर नीट ऐक. आधी सुती तुकड्यावर गिरव. सुती कापड सोशिक असते. टाका उसवला तर पाणी शिंपडून नखाने घासावे, भोक मिटते. कोशाचे तसे नाही. त्यात सुई एकदा गेली की गेली. टाका काढलास तरी भोक राहते.

आता निवडीचे. भरीव टाका, साखळी टाका, गाठीचा टाका हे सगळे पुढून देखणे आणि मागून पसारा. उशीच्या अभ्र्याला चालतात, कारण मागची बाजू आत जाते. अंतरपाटाला आत नसते. एका बाजूला नवरा उभा, दुसऱ्या बाजूला नवरी, दोघांच्याही नाकासमोर तेच कापड. म्हणून त्याला उलट बाजू नसलेला टाका लागतो. साधा धावदोरा घे. जाताना एक जागा भरायची, एक सोडायची. रेघ संपली की त्याच वाटेने परत फिरायचे आणि सोडलेल्या जागा भरत यायचे. दोन्हीकडे अखंड रेघ दिसते. गाठ मारायची नाही; दोऱ्याचे टोक टाक्यांच्याच पोटात लपवायचे. बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी धारवाडच्या बाई होत्या, त्यांच्याकडून मी हे शिकले. त्या याला कसुती म्हणत.

नमुन्याचा तुकडा सोबत ठेवला आहे. त्यावर सगळे टाके ओळीने घातले आहेत, चांगले आणि वर्ज्य दोन्ही. उलटून पाहा, म्हणजे माझे म्हणणे कळेल.

विनोदिनीला मनगट शेकायला सांग. माया आहेच. कापडाची वाट पाहते.

गोदाताई


चौबे कॉलनी, रायपूर
दि. १ डिसेंबर २०२४

ती. गोदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमुना पावला. त्याचे मी सायंप्रातः दर्शन घेतो. साधनेसाठी स्थान निवडले आहे आमच्या कार्यालयाची बस. चौबे कॉलनीपासून नवा रायपूरच्या मंत्रालयापर्यंतचे रस्ते इतके प्रशस्त आणि इतके निर्मनुष्य आहेत की शासनाने ते केवळ माझ्या सुईस धक्का न लागावा म्हणून बांधले असावेत. शेजारी बसणारे गुलाबराव पहिले दोन दिवस मौन पाळून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले की भैया, महागाई भत्ता थांबला काय, फॉल-पिको काहून करून राहिले. मी म्हणालो की हा कन्यादानाचा पूर्वरंग आहे. त्यावर हव म्हणून त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या सदऱ्याचे तुटलेले बटन काढून माझ्यापुढे धरले. ते मी लावून दिले. ते अद्याप टिकून आहे, ही माझ्या विद्येची पहिली फलश्रुती.

टाक्यांच्या निवडीविषयी मात्र नम्र मतभेद नोंदवतो. तुझा तो जाऊन परत येणारा धावदोरा म्हणजे साक्षात वेदान्त आहे: श्रम अपार आणि दिसायला एक रेघ. माझ्यासारख्या सगुणोपासकाचे त्याने समाधान होत नाही. साखळी टाका मात्र प्रथमदर्शनीच वश झाला. काठाने आम्रपर्णांची माला साखळीने गुंफण्याचा बेत आहे. उलट बाजूचा तुझा आक्षेप मी विचारात घेतला आणि तोडगाही काढला. सुलट बाजू जावईबापूंकडे ठेवावी, उलट अनुकडे. ते पाहुणे आहेत. ती काय, घरचीच आहे.

कापड पाठवण्याविषयी लिहिलेस. टपालात कोसा गहाळ होण्याची भीती वाटते. शिवाय तुझ्या डोळ्यांना या वयात शीण देणे बरे नव्हे. शिवाय पित्याने स्वहस्ते भरलेला अंतरपाट हे आमच्या मंडळींत अपूर्व ठरेल, अशी माझी महत्त्वाकांक्षा आहे. तेव्हा ज्ञान तुझे आणि हात माझा, अशी विभागणी शास्त्रशुद्ध होईल.

नागपुरात थंडी पडली असेल. स्वेटर पेटीत ठेवून कुडकुडण्याचा तुझा परिपाठ या वर्षी मोडावा. आशीर्वादाची आणि दुसऱ्या धड्याची प्रतीक्षा करतो.

यज्ञेश्वर


नागपूर
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. यज्ञेश्वरास अनेक उत्तम आशीर्वाद.

कापड का पाठवत नाहीस याची तू तीन कारणे दिलीस. खरे कारण असते तेव्हा एक पुरते.

हे होते तेव्हा विनोदिनीच्या भाच्याच्या बारशाची कुंची मीच भरली होती. तिने स्वतः येऊन नेली आणि चार बायकांना दाखवली. तेव्हा माझे डोळे शिणत नव्हते, आणि ते तर तेव्हाही चष्म्याचेच होते. मी काही विचारत नाही. ज्ञान माझे आणि हात तुझा, ही विभागणी तू शास्त्रशुद्ध म्हणतोस. कोणत्या शास्त्राने, एवढेच कधी सुचले तर लिही.

साखळीच घालणार असशील तर दोरा ओढून आवळू नकोस, कापड चुण्या धरते. अंगठ्याखाली फास सैल धरायचा आणि सुई त्याच्या आतूनच काढायची. पानाच्या टोकाशी शेवटच्या फासावर एक बारीक टाका दे, नाहीतर अख्खी साखळी उसवत जाईल. मागच्या गाठी कात्रीने अगदी मुळाशी छाटू नकोस, सुटतील. अनुला त्या दिसणारच आहेत, निदान सुटलेल्या दिसू नयेत.

पोरीचे दोन ओळींचे कार्ड आले. साड्या घ्यायला मैत्रिणीबरोबर नागपूरला येते म्हणते. तिच्यासाठी डिंकाचे लाडू करून ठेवते. तुझ्यासाठी करत नाही. तुझ्या हाताला दोरा चिकटेल.

माया कमी झाली नाही, हे लिहून ठेवते.

गोदाताई


नागपूर
दि. २८ डिसेंबर २०२४

चि. यज्ञेश्वरास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र आणि कापड दोन्ही अनुबरोबर पाठवते आहे. तुझ्या कपाटातून अंतरपाट काढून पोरगी तो थेट माझ्या मांडीवर ठेवून मोकळी झाली. बापाला विचारून आणलास का, असे मी विचारले. तिने मान डोलावली. ती माझ्या प्रश्नाला की हातातल्या लाडवाला, हे बहिऱ्या माणसाला कळायला मार्ग नाही. मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला.

काठाची पाने तुझी आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही. मध्ये जागा मोकळी होती, तिथे भीमाआत्याचे राघू उतरवले. दोन राघू, मध्ये डहाळी, सगळे एका दोऱ्यात, जाऊन परत येऊन. अनु मैत्रिणीबरोबर बाजारात फिरत होती तोवर माझे काम चालले होते. रोज परत आली की शेजारी बसून बघायची. दोन वर्षांत असे दिवस गेले नव्हते. आता एक कर. कापड उजेडात धर, एक बाजू बघ, मग उलटव आणि दुसरी बघ. कोणती सुलट ते मला लिहून कळव.

एक मागणे आहे. मंगलाष्टके मला ऐकू येत नाहीत. माझ्यापुरते ते नुसते ओठ हलणे असते. लग्न लागले हे मला डोळ्यांनीच कळणार, अंतरपाट खाली येतो त्या क्षणी. तेवढे मला जवळून, समोरून बघायचे आहे. बोहल्यापाशी एक खुर्ची ठेव. मानाची नको, प्लॅस्टिकची चालेल.

पत्रिका अजून मिळाली नाही. विनोदिनीचे प्लास्टर निघाले असे अनु म्हणाली, बरे वाटले.

माया होतीच, या आठवड्यात थोडी वाढली.

गोदाताई


चौबे कॉलनी, रायपूर
दि. १२ जानेवारी २०२५

ती. गोदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तरास विलंब झाला. कारण लेखणीस पक्षाघात झाला होता, असे समज.

राघू पाहिले. कापड उजेडात धरले, उलटवले, पुन्हा उलटवले, आणि कोणती बाजू सुलट हे मला सांगता आले नाही. असे काम मी जन्मात पाहिले नाही. हे वाक्य अलंकाररहित आहे, याची नोंद घ्यावी.

तथापि. हा शब्द शासकीय पत्रात मी नित्य वापरतो आणि त्यानंतर जे येते ते कुणालाच आवडत नाही, हे जाणतो. तथापि, विवाह हा दोन कुळांचा करार असल्याने उभयपक्षी भावनांचा आदर करावा लागतो. आमच्या विहीणबाई जुन्या वळणाच्या आहेत. कोणत्या वस्तूस कोणाचा हात लागावा, याविषयी त्यांचा काही कटाक्ष आहे. मी स्वतः या गोष्टी मानत नाही, हे तू जाणतेसच. मी वाद घातला असता. पण मुलीकडच्या माणसाचा वाद हा अनुदानित वाद असतो, केव्हाही बंद पडतो. मध्यभागी केवळ कुंकवाचे स्वस्तिक असावे, असे ठरले. सबब राघूंना मुक्त करावे लागले. विनोदिनीचे मनगट अजून धड वळत नाही, म्हणून ते काम मीच केले, दाढीच्या पातीने, अत्यंत हळुवारपणे. एकदाही कापड कापले गेले नाही.

आता आनंदाची वार्ता. मुहूर्ताच्या वेळी कार्यालयातील कोठीघराचे आधिपत्य तुझ्याकडे सोपवण्याचे सर्वानुमते ठरले आहे. दागिने, आहेर, रुखवत, लाडवांची पिंपे, सारे तेथे. अशा पदावर निःसंशय विश्वासाचेच माणूस हवे. तुला कोठीची स्वामिनी नेमताना माझा ऊर भरून आला. खुर्ची बोहल्यापाशी ठेवतोच, पण मुहूर्त पार पडेपर्यंत कोठी उघडी टाकता येणार नाही, हे तुझ्यासारख्या सुज्ञेस सांगायला नको. पत्रिका आता छापत नाहीत, मोबाइलवर पाठवतात. म्हणून तुला पोचली नाही. राग मानू नये. परक्यांना समजवावे लागते, तू तर घरचीच आहेस.

कृपा आहे तशी राहावी, हीच चरणी प्रार्थना.

यज्ञेश्वर


नागपूर
दि. २० जानेवारी २०२५

चि. यज्ञेश्वरास आशीर्वाद.

कळले. येते. किल्ली घेईन.

पातीची गरज नव्हती. सगळे काम एकाच दोऱ्याचे होते. डाव्या राघूच्या शेपटीपाशी टोक लपवले होते. ते शोधून, सुईच्या बोथट बाजूने एकेक टाका उचलत गेला असतास तर अख्खा दोरा सलग निघाला असता आणि मला परत पाठवता आला असता. उसवायचे कसे तेही विचारले असतेस तर लिहून कळवले असते. मी शिकवायला नाही कधी म्हटले?

गोदाताई


भिलाई
दि. १७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
पाया पडते.

मले मराठी लिहायची सवय नाही, तुले माहीत आहे. शाळेत हिंदीच होती, म्हणून चुका झाल्या तर हसू नको. फोनवर बोलता आलं असतं तर रडूनच बोलली असती, त्यापेक्षा हे बरं.

तू लग्नात काहून दिसली नाहीस? मी बोहल्यावर मान वाकडी करकरून तुले शोधून राहिली होती. मावशीनं दोनदा डोकं सरळ केलं माझं. खुर्ची होती समोर, पण तिच्यावर फोटोवाल्या भैयाची बॅग ठेवलेली होती. नंतर कोणीतरी म्हणालं की आत्या कोठीत आहे, तिलेच गर्दी आवडत नाही. मले खरं वाटलं नाही. लहानपणी नागपूरला तू मले बाजाराच्या गर्दीत हात धरून फिरवलं होतं.

आता ऐक. अंतरपाट धरला तेव्हा कपडा एकदम तोंडाजवळ होता. खाली बाबांच्या पानांच्या गाठी दिसल्या. लोंबून राहिल्या होत्या, मले हसूच आलं. मध्ये कुंकवाचं स्वस्तिक होतं. मंगलाष्टक सुरू झाली आणि व्हिडिओवाल्यांनी दोन्हीकडून मोठे लाईट लावले. तर स्वस्तिकाच्या आजूबाजूनं बारीक बारीक उजेड यायला लागला. पाहते तर राघू, आत्या. दोन्ही राघू, डहाळी भी. चोच पण कळत होती. दोरा एक नव्हता, फक्त भोकं. मी निरंजनले नंतर विचारलं, त्याले भी त्याच्या बाजूनं तसेच्या तसे दिसले. तो म्हणाला की त्याले वाटलं डिझाईनच तशी आहे.

सासूबाईंनी तर तिथंच आईले विचारलं की एवढं बारीक काम कोणी केलं होतं, आणि काढलं काहून. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी काहीतरी संस्कृतमध्ये म्हटलं, सासूबाईंले कळलं नाही, मले भी नाही. त्यांचे मिस्टर जाऊन तर किती वर्षं झाली, हे मी तुले डिसेंबरातच सांगितलं होतं ना. त्या पूर्ण वेळ समोर उभ्या होत्या, माझी ओटी पण त्यांनीच भरली. कोणी काही बोललं नाही. मग तुलेच काहून कोठीत ठेवलं, हे मी आईले विचारलं. आई म्हणाली, आपल्या घरचं वेगळं असते, लोक नावं ठेवतात. कोणते लोक, ते तिले सांगता आलं नाही.

अंतरपाट मी सोबत घेऊन आली. बाबा म्हणाले की ठेवून जा, भोकं भरून देतो. मी दिला नाही.

लाडू संपले. मी लवकर येईन, निरंजनले घेऊन. तू माझ्यावर तर रागावली नाहीस ना, एवढं लिही.

तुझी,
अनु


चौबे कॉलनी, रायपूर
दि. २२ फेब्रुवारी २०२५

ती. गोदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कार्य निर्विघ्न पार पडले. वस्तुतः हे वाक्य लिहिण्यासाठी मी लेखणी उचलली होती, आणि त्यानंतर बराच काळ ती तशीच हातात राहिली.

तू निघताना माझी भेट झाली नाही. मी पाहुण्यांच्या पंक्तीत आग्रह करीत होतो. कोठीची किल्ली बहुधा तुझ्या कमरेलाच राहिली. कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी दुसरीने कुलूप उघडले, पण आपली किल्ली ते रोज मागतात. सवडीने पाठवावी.

अनुने घरी बोलणे कमी केले आहे. फोन करते, आईची प्रकृती विचारते, माझ्याकडे आला की तिचे नेटवर्क जाते. अंतरपाट ती घेऊन गेली आहे. होळीला येताना तो आणावा, असे मी सुचवले आहे. त्यावर जे काही उरले आहे, म्हणजे ती छिद्रे, ती बुजवून द्यावीत असा मानस आहे. माझ्या हाताला आता थोडे वळण लागले आहे. गुलाबरावांच्या नातीच्या झबल्यावर मी बदक काढले, ते बदक म्हणून ओळखले गेले. तेव्हा अशा छिद्रांवर कोणता टाका योग्य? भरीव घालावा की गाठीचा? की पाणी शिंपडून काही उपाय आहे? तू एकदा काही लिहिले होतेस, ते पत्र तूर्त सापडत नाही.

बाकी काय लिहू. बसमध्ये हात रिकामे असतात.

ताई, विहीणबाईंविषयी मी जे लिहिले त्यात काही अतिशयोक्ती झाली असावी. तो माझा स्वभावदोष तू बालपणापासून जाणतेस. उत्तर दोन ओळींचे असले तरी चालेल.

यज्ञेश्वर


नागपूर
दि. ३ मार्च २०२५

चि. यज्ञेश्वरास आशीर्वाद.

विचारलेस म्हणून सांगते. पाणी शिंपडण्याचा उपाय सुती कापडाचा. कोशाला तो नाही. हे पहिल्याच पत्रात लिहिले होते. तुझ्या हाती सुई येण्याच्या आधी. भरीव टाक्याने भोके झाकतील, पण मागे गाठी येतील, आणि अनुला आता गाठी दाखवू नयेत असे मला वाटते. शिवाय कापड तिचे आहे. तिने दिले नाही, तर नाही.

अनु डिसेंबरात माझ्या शेजारी बसली होती तेव्हाच निरंजनच्या आईविषयी तिने मला पाटीवर लिहून सांगितले होते. नवऱ्यामागे त्यांनी मुलगा कसा वाढवला, स्वतः स्कूटर कशी चालवतात, सगळे. तेव्हा तुझे जानेवारीचे पत्र मी ते माहीत असून वाचले. दोनदा वाचले, कारण खोटे पुढून फार सुबक होते. वरमाय असली की कुणाला काही दिसत नाही. बहीण असली की तिच्या हातचा दोरासुद्धा दिसतो.

तरी आले. मला वाटले होते, ऐन वेळी तू कोठीच्या दारापर्यंत येशील. संस्कृतात काही म्हणायची गरज नव्हती, नुसते हाताने ये म्हटले असतेस तरी पुरले असते. कोठीला खिडकी नाही, दाराला काच नाही. मी हातात अक्षता घेऊन लाडवांच्या पिंपाशेजारी उभी होते. कधी टाकायच्या ते कळेना. मग फरशी हलली. बाहेर ताशे सुरू झाले ते माझ्या तळव्यांना कळले, तेव्हा समजले की अंतरपाट खाली आला. अक्षता पिंपावर टाकल्या. त्या दिवशी तुझ्या घरी दोन लग्ने लागली, एक लाडवांचे.

किल्ली याच पाकिटात आहे. ती चुकून राहिली नव्हती. तू मागायला येशील असे वाटले होते. तूही टपालच निवडलेस.

नमुन्याचा तुकडा मात्र अनुला दे. तिने मागितला आहे. तिच्यावर मी रागावलेले नाही, हे तिला वेगळे लिहिले आहे.

यापुढे टाके विचारू नकोस. जेवढे मला येत होते तेवढे शिकवून झाले, आणि उसवणे तू माझ्याशिवाय शिकलास. पाहुण्यांकडे सुलट आणि घरच्यांकडे उलट, हा तुझा तोडगा मी डिसेंबरात हसून वाचला होता. तेव्हा मला वाटले, तू अनुविषयीच लिहितो आहेस.

उलट बाजू नसलेला एकच टाका मी तुला शिकवत होते. तो तुला जमला नाही. भोके जमली. त्यांनाही उलट बाजू नसते, यज्ञा. दोन्हीकडून सारखीच दिसतात.

माया आहे तेवढी आहे. वाढावी असे या वेळी लिहीत नाही.

गोदावरी